अकरा खटके

दर दोन-तीन महिन्यांनी कंपनी माझ्याकडे कोणाला तरी पाठवते. नवीन शाखा घ्यायचा विचार करणारी माणसं असतात. कधी हिंगणघाटचा दुकानदार, कधी आर्वीचं नवरा-बायकोचं जोडपं. खुर्चीत बसतात, दहा मीटर लांबीच्या हॉलकडे पाहतात, स्टँडवरच्या हवेच्या रायफली पाहतात, पलीकडच्या भिंतीजवळ टांगलेली कागदी कार्डं पाहतात आणि चहा यायच्या आधीच विचारतात, मॅडम, चालते का हे? मी म्हणते, चालते. खोटं नाही ते. पण पूर्ण उत्तर एका चहात मावणारं नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते आहे.

मी शाळेत खेळाची बाई होते. सगळी नोकरी गळ्यात शिट्टी घालून उन्हात काढली. स्वभाव तापट, आवाज मोठा, मुलं टरकून असायची. लग्न केलं नाही. काऊन नाही केलं म्हणून विचारणारी सगळी माणसंही आता संपली, त्यामुळे तोही विषय राहिला नाही. रिटायर झाले तेव्हा हार, नारळ, पैठणी वगैरे सगळं झालं आणि नंतरच्या सोमवारी सकाळी मी तयार होऊन, शिट्टी पर्समध्ये टाकून, घरातच उभी. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या माझ्या दोन खोल्यांत दुपारी इतकं सामसूम असायचं, की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायची. दूधवाल्याशी उगाच हुज्जत घालायची. तो बिचारा दूध ठेवून पळायला लागला.

तेवढ्यात पेपरात जाहिरात आली. बंद हॉलमधली नेमबाजीची रेंज, आमच्या नावाने काढा, आम्ही शिकवतो, आम्ही सामान देतो. कॉलेजात असताना एनसीसीत मी रायफल धरली होती आणि चांगली धरली होती. गेले नागपूरला. हॉटेलच्या हॉलमध्ये कंपनीच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली. लहान शहरांत लोकांना करायला काही नाही, आईबाप मुलांच्या मोबाइलला कावले आहेत, हवेच्या रायफलीला लायसन लागत नाही, दहा मीटरची जागा कुठेही मिळते. सगळं पटण्यासारखं होतं. मग तो म्हणाला, एकदा आलेला माणूस म्हणजे गंमत, परत आलेला माणूस म्हणजे धंदा. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मला धंद्याचं काही पडलं नव्हतं. मला ते 'परत आलेला माणूस' तेवढं हवं होतं.

त्यानेच एक युक्ती सांगितली. नवीन माणसाचे छर्रे एका बाजूला जात असले, तर त्याला शिकवत बसू नका. रायफलीच्या मागच्या साईटला, म्हणजे नेम धरायच्या खाचेला, फिरकी असते, ती दोन-चार खटके फिरवून द्या. नेम चुकीचाच राहतो, पण छर्रा काळ्या गोलात बसतो, माणूस हसत घरी जातो आणि परत येतो. मी हात वर केला आणि विचारलं, मग त्याला नेम शिकवायचा कधी? सगळा हॉल हसला. मला राग आला होता. पोरांच्या पेपरात मार्क वाढवून देण्याचाच प्रकार हा, असं मी परतीच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला वर्ध्यापर्यंत ऐकवलं.

तरी घेतली शाखा. शिकवणी वर्ग बंद पडलेला एक हॉल भाड्याने मिळाला, घरापासून चालत पाच मिनिटं. चार लेन, चार रायफली, दोरी ओढली की कार्ड सरकत जवळ येतं. आणि कंपनीच्या पुस्तकातला पहिला नियम, तो मी माझ्याच अक्षरात मोठ्ठा लिहून भिंतीवर लावला: नेम धरताना कोणीही बोलू नये. एकटेपणावर औषध म्हणून दुकान काढलं आणि दुकानाची पहिली अट काय, तर चूप बसा. कपाळ माझं.

लोक आले. वाढदिवसाला यायचे, दहा छर्रे मारायचे, फोटो काढायचे, केकचे डाग सोडून जायचे. पोलीस भरतीची मुलं यायची, खरी बंदूक नाही म्हटल्यावर तोंड पाडून जायची. भिशीच्या बायका आल्या, इतक्या हसल्या की मलाही हसू आलं, पुढच्या महिन्यात नक्की म्हणाल्या आणि त्यांची भिशी पुढच्या महिन्यात पिक्चरला गेली. कंपनीचा एक फॉर्म दर तिमाहीला भरावा लागतो. त्यात एक रकाना आहे, 'नियमित ग्राहक', आणि त्याच्या शेजारी दुसरा, 'नियमित ग्राहक सोडून गेल्यास कारण'. पहिलं वर्षभर मी दोन्ही कोरे सोडले. नियमितच कोणी नव्हतं, तर सोडून कोण जाणार?

मग ते आले. देवळीचे, मोजणी खात्यातून रिटायर झालेले. उभं आयुष्य लोकांची शेतं मोजण्यात गेलेलं. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. दवाखान्याच्या कामाला वर्ध्याला आलेले, बोर्ड पाहून सहज आत शिरले. रायफल हातात घेऊन एक डोळा मिटला आणि म्हणाले, असंच मोजणीच्या यंत्रात पाहत होतो. पहिल्याच दिवशी दहातले सात काळ्यात. मी काही फिरवलं-बिरवलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी परत आले. गुरुवारच का, तर गुरुवारी त्यांचा उपास, म्हणून स्वयंपाकाची कटकट नसायची आणि दिवस मोकळा असायचा. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी साबुदाण्याची उसळ करून डब्यात घेऊन गेले. मला काही उपास नाही. पण तेव्हापासून गुरुवारी मीही साबुदाणा भिजवायला लागले.

छर्रे मारताना ते नियम पाळायचे, एक शब्द नाही. नंतर मात्र उसळ आणि चहा घेऊन तासभर बसायचे. मी त्यांना साहेब म्हणायची, ते मला बाई. शाळेत जन्मभर पुस्तकी बोलले, त्यांच्यासमोर आपसूक घरची भाषा तोंडात यायची. ते धुऱ्यांच्या, म्हणजे शेताच्या बांधांच्या, गोष्टी सांगायचे. एका हाताच्या धुऱ्यासाठी भावाने भावाचं डोकं कसं फोडलं, मोजणी झाल्यावर जमीन दुसऱ्याचीच कशी निघाली. वाकडी रेघ त्यांना सहन व्हायची नाही. माझ्या टेबलावरची वहीसुद्धा कडेला समांतर सरकवून ठेवायचे. मी मुद्दाम तिरपी ठेवायची, ते बोलता बोलता परत सरळ करायचे. फॉर्मच्या पहिल्या रकान्यात मी एक आकडा घातला आणि दिवसभर खुशीत होते. लाज कशाला वाटायची, खरंच होते.

पोळा झाला त्या आठवड्यात त्यांचे दोन छर्रे डावीकडे गेले. पुढच्या वेळी चार. कार्ड सोडवताना मी भोकं दोनदा मोजली. शाळेत कोणत्या पोराला चष्मा लागणार हे मला डोळ्यांच्या डॉक्टरच्या आधी कळायचं, चेंडू झेलायला त्याचा हात कुठे जातो त्यावरून. त्यांचा हात स्थिर होता, श्वास बरोबर होता. तरी छर्रे डावीकडेच.

ते म्हणाले, काळा गोल आज पिचकल्यासारखा दिसून राह्यला. मी म्हटलं, ट्यूबलाइट गेली वाटते. दुसऱ्या दिवशी नवीन ट्यूब लावली. पुढच्या गुरुवारी चहा पिता पिता दाराकडे पाहून म्हणाले, बाई, तुमची चौकट वाकली, मधातच पोट निघालं तिले, मिस्त्रीले दाखवा, भिंत खचली असन. जुना हॉल, मला खरंच वाटलं. मिस्त्रीला बोलावलं. त्याने ओळंबा लावला. दोरी चौकटीच्या कडेशी वरपासून खालपर्यंत अशी सरळ उतरली, की तो ओळंब्याकडे न पाहता माझ्याकडेच पाहायला लागला. मॅडम, चौकट एक सूतही वाकली नाई, म्हणाला. आयुष्यभर रेघा मोजलेल्या माणसाला सरळ चौकट वाकडी दिसत होती. तेव्हा मला सगळं कळलं. कळलं नव्हतं असं मी कोणापुढे म्हणणार नाही.

गुरुवारी सांगायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. ते आले, दहातले आठ डावीकडे घातले आणि रायफल ठेवली. उसळीला हात लावला नाही. मग म्हणाले, "नेम गेला बाई. हात थकला असन. आता येनं बंद करा लागते."

तयार केलेलं वाक्य मी सोडून दिलं. मी म्हटलं, हात-बीत काही थकला नाई, रायफल बिघडली हाय, सर्व्हिसिंग करा लागते, पुढच्या गुरुवारी पाहा. ते गेल्यावर मी तीन नंबरची रायफल, त्यांची नेहमीची, समोर घेऊन बसले. आणि साईटची फिरकी उजवीकडे फिरवली. तीन खटके. टक, टक, टक. नागपूरच्या हॉलमध्ये हात वर करणारी बाई मीच.

पुढच्या गुरुवारी सहा छर्रे काळ्यात. त्यांचा चेहरा असा उजळला, की माझ्या मनातलं जे काय होतं ते मी तिथेच गाडून टाकलं. त्या दिवशी त्यांनी दोनदा उसळ घेतली. पुण्याला मुलाला फोन लावून सांगितलं, बाप्पा, अजून हात शाबूत हाय तुझ्या बापाचा. मग काय, दर गुरुवारी सकाळी हॉल उघडला की आधी मी मागच्या वेळचं कार्ड पाहायची आणि लागला तर एखादा खटका वाढवायची. दिवाळीला आठ खटके झाले. त्यांना आज नाही तर उद्या सांगायचंच आहे, असं मी रोज ठरवायची. गुरुवार गेला की पुढचा गुरुवार सहा दिवसांवर असायचा, आणि ते सहा दिवस मी कोणाशी बोलायची? त्या ओळंब्याशी?

संक्रांतीच्या आठवड्यात कंपनीचा माणूस आर्वीच्या जोडप्याला घेऊन आला. नेमका गुरुवारी. साहेब बाकावर बसले होते, मी सगळ्यांना तिळगूळ दिला. रेंज कशी चालते ते दाखवायला म्हणून त्या माणसाने हाताशी आली ती रायफल उचलली. तीन नंबरची. मी म्हटलं, ती नको, दुसरी घ्या. त्याला वाटलं, मी आदराने चांगली देते आहे. त्याने पाच छर्रे मारले आणि दोरी ओढली. पाचही उजवीकडे, पार पांढऱ्यात. तो हसला आणि जोडप्याला म्हणाला, पाहा, साईट किती हलवून ठेवली आहे, हे असं होतं. मग फिरकी मागे फिरवत मोजायला लागला. त्याचा आवाज अकरावर थांबला.

जोडप्याला काही कळलं नाही. साहेबांना कळलं. यंत्रातली चूक आणि पाहणाऱ्यातली चूक वेगळी कशी काढायची, हेच त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. ते उठले, त्या माणसाच्या हातून रायफल घेतली, नवीन कार्ड लावायला लावलं आणि पाच छर्रे मारले. मी भिंतीला टेकून उभी होते. दोरी त्यांनी स्वतः ओढली. पाचही डावीकडे, गोलाच्या बाहेर. कार्ड हातात घेऊन ते पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, कवापासून. मी म्हटलं, पोळ्यानंतर. विचारलं, आन चौकट? मी म्हटलं, सरळ हाय, मिस्त्रीनं ओळंबा लावला होता.

"तुमाले मालूम होतं," ते म्हणाले.

त्यांनी कार्डाच्या चार समांतर घड्या घातल्या, खिशात ठेवलं, चपला घातल्या आणि गेले. उसळीचा डबा बंदच राहिला.

फोन उचलेनात. तीन गुरुवार गेल्यावर मी देवळीला गेले. घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, डोळ्याच्या मोठ्या डाक्टरकडे गेलते, आता पोरगा घेऊन गेला पुण्याले. पाणी देऊ का म्हणाली. मी नको म्हटलं आणि साहेबांच्या ओट्यावर थोडा वेळ बसले. दाराला लावलेल्या पाटीचे चारही स्क्रू एका रेषेत होते. मला रडू आलं. अशी मी सहसा रडत नाही.

होळीनंतर ते पुण्याहून देवळीला परतले आणि हॉलवर आले. काळा चष्मा लावून, गुरुवारीच. मी उभी राहिले, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर राहायची तशी. त्यांनी बसून सरळ सांगितलं. उजव्या डोळ्याचा मधला भाग गेला, आता तिथं काहीच दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. पोळ्याच्या सुमारास आले असते तर इंजेक्शनं देऊन वाचला असता, असं डॉक्टर म्हणाला. हे त्यांनी अजिबात आवाज न चढवता सांगितलं. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही काहीतरी बोलले असते. मी एवढंच म्हटलं, की चुकलं माझं. ते म्हणाले, हो.

मग म्हणाले, डाव्या डोळ्यालाही तेच होऊ शकतं, कधीही. डॉक्टरने चौकडीच्या रेघांचा एक कागद दिला होता, रोज एका डोळ्याने पाहायचा, रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी यायचं. मी विचारलं, मग इथं कशाले आले?

"त्या कागदाले घरी मी एकटाच पाहतो," ते म्हणाले. "इथं कार्डाले दोघं पाहतो. पण बाई, आता खटका फिरवाचा नाई."

आमचे गुरुवार परत सुरू झाले, पण पहिल्यासारखे नाहीत. ते रायफल डाव्या खांद्याला लावायचे, कार्ड कसंबसं गाठायचे. मी दर छर्ऱ्याला मोठ्याने सांगायची: वर, खाली, बाहेर. शून्यावरची साईट आधी त्यांना दाखवायची. चहा ते घ्यायचे. उसळ नको म्हणायचे. धुऱ्याच्या गोष्टी बंद झाल्या होत्या. मी वही तिरपी ठेवून पाहिली, ती तिरपीच राहिली. तरी ते यायचे. डावीकडे काही जात नाही ना, यासाठी मी कार्डं मागच्या आठवड्यांच्या कार्डांवर ठेवून उजेडात धरायची. देवाशपथ सांगते, एवढ्या बारकाईने मी शर्यतीतली शेवटची रेघही कधी पाहिली नव्हती.

अक्षय तृतीयेच्या आधीच्या गुरुवारी दोरी ओढली आणि कार्ड अर्ध्यात असतानाच मला दिसलं. एकाच बाजूला तीन, एकमेकांना चिकटून. विखुरलेले असते तर नवशिका हात म्हणून सोडून देता आलं असतं. एक क्षण मनात आलं, ऊन आहे, थकले असतील, पुढच्या गुरुवारी पाहू. खरंच आलं. लिहायला बसले आहे तर हेही लिहिते. हा माणूस आत्ता उठून गेला तर परत कशाला येईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. कार्ड हातात यायच्या आत मी म्हटलं, "साहेब, तीन एकाच बाजूले गेले. आत्ताच्या आत्ता जा."

त्यांनी कार्ड मागितलंसुद्धा नाही. रायफल खाली ठेवली. मी म्हटलं, मी येते संगं, चार वाजताचा वाढदिवस आहे तो रद्द करते. ते म्हणाले, तुम्ही नका येऊ. दारापाशी थांबले, चौकटीवर वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला आणि गेले.

डोळा वाचला. त्याच दिवशी तपासलं, दुसऱ्या दिवशी पहिलं इंजेक्शन दिलं. हे मला त्यांच्या मुलाच्या फोनवरून कळलं. तो पोरगा फोनवर थँक्यू म्हणाला, त्याला बाकीचं काही ठाऊक नसावं. पुढे त्याने सांगितलं, की बाबा आता पुण्यालाच राहणार, एकटे ठेवायची भीती वाटते, देवळीचं घर भाड्याने देतो आहे. मी म्हटलं, बरं केलं. फोन ठेवल्यावर मी हॉलमध्ये एकटीच होते. म्हणून मीच दहा छर्रे मारले. नऊ काळ्यात. दाखवायला कोणी नव्हतं.

गेल्या महिन्यात तिमाहीचा फॉर्म भरला. नियमित ग्राहक, शून्य. शेजारच्या रकान्यात, सोडून गेल्याचं कारण, मी लिहिलं: डोळा वाचला. कंपनीच्या माणसाचा फोन आला. मॅडम, हे काय लिहिलं, चूक झाली का? वेळ गैरसोयीची, भाव जास्त, सेवा असमाधानकारक, यातलं एखादं लिहा, कॉम्प्युटर दुसरं काही घेत नाही. मी त्याला सांगितलं, चूक नाही, तेच कारण आहे, तसंच राहू दे.